मीटरवर न दिसणारे तास

घोडबंदर रोडवर कापूरबावडीच्या आसपास गाड्या तुंबल्या की शेजारी एखादा जेसीबी हमखास दिसतो. त्याला तासांचं मीटर असतं. त्याचं ऑइल किलोमीटर बघून कुणी बदलत नाही, इंजिन किती तास चाललं ते बघून बदलतात. आपली कार त्याच रस्त्यावर, त्याच धुळीत, जवळजवळ तशीच जागच्या जागी चालत असते आणि आपण मात्र तिचा हिशेब किलोमीटरवर ठेवतो. ठाणे-नवी मुंबईत नव्या इंजिनांच्या ज्या तक्रारी वरचेवर दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा या चुकीच्या हिशेबातून निघतात.

हिशेब सोपा आहे. गाडीच्या ट्रिप कंप्युटरवर सरासरी वेग दिसतो. ठाण्यातल्या ठाण्यात किंवा ठाणे-ऐरोली अशी रोजची ये-जा असेल तर तो ताशी १६-१८ किमीच्या आसपास सापडेल. १०,००० किमीला १६ ने भागा: ६२५ तास. तीच गाडी हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने चालली तर १०,००० किमीला जेमतेम १६७ तास लागतात. ऑइल एकच, बिलावरचे किलोमीटरही तेच, पण काम पावणेचारपट. मॅन्युअलच्या शेवटी 'कठीण परिस्थितीतील वापर' असं एक पान असतं, जे सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा कुणी उघडत नाही. थांबत-थांबत चालवणं, धूळ, छोट्या फेऱ्या हे सगळं त्यात येतं आणि ऑइलची मुदत तिथे बऱ्याचदा निम्मी केलेली असते. माझा नियम ३०० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. १६ च्या सरासरीला म्हणजे ४,८०० किमी. जास्तीचं एक ऑइल आणि फिल्टर हा खर्च आहेच, पण पुढे जे लिहिलंय त्याच्यापुढे तो किरकोळ.

इतक्या लवकर ऑइल जातं कसं? स्टेशनपर्यंत चार किमी, परत चार किमी, अशा फेऱ्यांत कुलंट गरम होतं, पण ऑइल पुरतं तापत नाही. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल फवारलं जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतं. पेट्रोल आणि पाणी उडून जायला ऑइल बराच वेळ ९० अंशांच्या वर राहावं लागतं. ते झालं नाही तर ऑइल पातळ होत जातं. त्यात नव्या इंजिनांच्या रिंगा मायलेजसाठी मुद्दाम कमी ताणाच्या बनवलेल्या असतात. ऑइल रिंगमागची बारीक छिद्रं जळक्या ऑइलने बुजली की रिंग सिलिंडरवरचं ऑइल खरवडेनाशी होते आणि इंजिन ऑइल खायला लागतं.

म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, दर १,००० किमीला बघायची. सपाट जागा, इंजिन गरम, बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पुसून परत घालून मग वाचायचं. खालची आणि वरची खूण यांत बहुतेक छोट्या इंजिनांत साधारण एक लिटरचा फरक असतो, त्यामुळे पाव पट्टी उतरली म्हणजे पाव लिटर गेलं असा अंदाज बांधता येतो. तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहून ठेवा. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल खाणं मान्य धरलंय, त्यामुळे वॉरंटीत भांडायचं तर आकडे हातात हवेत. नुसतं 'ऑइल खाते' म्हणून कुणी दाद देत नाही.

ऑइल खाते म्हटल्यावर इंजिन खोलायला निघायची घाई नको. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. क्रँककेसमधली (पिस्टनखालच्या पोकळीतली) वाफ परत इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) ओढून घेणारी ही झडप आजकाल बऱ्याच इंजिनांत रॉकर कव्हरमध्येच (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणात) बसवलेली असते आणि तिच्यात रबरी पडदा असतो. पडदा फाटला की आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, शिट्टीसारखा आवाज येतो, ऑइल भरायचं झाकण काढायला जोर लागतो, दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१७१ म्हणजे 'मिश्रण पातळ' असा कोड येतो. झाकण उचलताना आतून जोराची ओढ लागली आणि आयडल एकदम डगमगला, तर दोष रिंगांचा नाही, पडद्याचा आहे. कव्हर बदलणं आणि रिंगा बदलणं यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि 'मुंबईची गरमी आहे, जाड ऑइल टाका' हा सल्ला मनावर घेऊ नका. ज्या इंजिनाचे बेअरिंग क्लिअरन्स, ऑइल पंप आणि कॅम फेजर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारा भाग) ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल धरून बनवलेत, त्यात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतलं तर सकाळी पहिले काही सेकंद वरच्या भागात ऑइल वेळेवर पोचत नाही. ग्रेड मॅन्युअलमधली, आणि टर्बो पेट्रोल असेल तर डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं बघून घ्या. हा दर्जा २०२० मध्ये आला. छोटं टर्बो इंजिन कमी आरपीएमवर जोरात दाबलं की सिलिंडरमध्ये ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो, आणि त्यात पिस्टनची रिंगेजवळची कड तुटते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा धोका वाढतो, म्हणून एसपी ऑइलचं रसायन बदललं. आपल्या बाजूने करायचं एवढंच की गायमुखच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये १,३०० आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून धरायचा नाही. तिसरा टाका.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचं आणखी एक दुखणं आहे. ह्युंदाई-कियाचं १.० टर्बो जीडीआय, फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय ही या जातीची. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहायचं आणि ती धुतली जायची. इथे ते होत नाही, पण पीसीव्हीतून येणारी ऑइलची वाफ मात्र त्याच पाठीवर बसते आणि भाजून काळा थर बनतो. सकाळी पहिल्या मिनिटात मिसिंग, आयडलला थरथर, पिकअप मंद. टाकीत ओतायच्या इंजेक्टर क्लीनरचा इथे उपयोग नाही, कारण ते या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. गाडीला हायड्रोजनचा पाइप लावून 'डीकार्बनायझिंग' करून देणारी मशिनं आहेत, त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. खरा उपाय एकच: इनटेक मॅनिफोल्ड काढायचा, ज्या सिलिंडरवर काम आहे त्याचे व्हॉल्व्ह बंद अवस्थेत आणायचे आणि अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून थर उडवायचा. ती मशीन नसेल तर क्लीनर भरून तास-दोन तास भिजत ठेवायचं, नायलॉनच्या ब्रशने खरवडायचं आणि व्हॅक्यूमने सगळं ओढून घ्यायचं. मॅनिफोल्डची गॅस्केट नवीन. पण ६०-७० हजार किमी झाले म्हणून डोळे मिटून हे करू नका. आधी बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) बघायला सांगा आणि फोटो मागा.

आता डिझेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर डिझेल गाड्यांना डीपीएफ आला आणि शहरातल्या डिझेलवाल्यांचे हाल सुरू झाले. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी. ती भरली की इंजिन उशिरा जास्तीचं डिझेल फवारून तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रीजनरेशन म्हणतात, साधारण १० ते २० मिनिटं लागतात. गोची अशी की ते नेमकं सुरू होतं तेव्हा आपण माजिवड्याच्या सिग्नलवर असतो किंवा सोसायटीच्या गेटमध्ये शिरत असतो, आणि चावी फिरवतो. अर्धवट राहिलं. उद्या परत सुरू, परत अर्धवट. दर वेळी जास्तीचं डिझेल मात्र रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं.

रीजनरेशन चालू आहे हे ओळखता येतं. आयडल नेहमीपेक्षा शे-दोनशे आरपीएमने वर, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, एसी बंद असूनही पंखा जोरात, तात्कालिक मायलेज एकदम खाली, गाडीभोवती जळका गरम वास. तेव्हा इंजिन बंद करायचं नाही, आणखी पंधरा मिनिटं फिरवून आणायचं. डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा लागला तर पहाटे किंवा रात्री उशिरा पूर्व द्रुतगती मार्ग गाठा. नवी मुंबईकरांना कळंबोलीहून पुण्याचा एक्स्प्रेसवे आहे, नाहीतर जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, तिथे कारला ताशी १०० ची मर्यादा आहे. वीस-पंचवीस मिनिटं एकसारखं ६०-८० ने, आरपीएम २,००० च्या वर राहील असा गिअर. सुसाट पळवायची गरज नाही, सलग चालणं महत्त्वाचं. टोल देऊन काजळी जाळायला जाणं विनोदी वाटतं, पण नव्या डीपीएफचं कोटेशन हातात आल्यावर विनोद संपतो.

दिवा गेला नाही आणि पी२४६३ कोड आला तर गॅरेजमध्ये स्कॅनरने उभ्या गाडीवर रीजनरेशन करतात. त्याआधी दोन गोष्टी तपासायला सांगा. एक, डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा सेन्सर आणि त्याच्या दोन नळ्या. नळी चिरली की फिल्टर ठीक असूनही तो भरलाय असं इंजिनाला वाटतं. दुसरी, डिपस्टिक. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदलायचं. हे फार महत्त्वाचं आहे. ऑइल कमी झालं की लोक घाबरतात, वाढलं की खूश होतात. वाढलेलं ऑइल म्हणजे पातळ झालेलं ऑइल, आणि त्याने टर्बोचं बेअरिंग आधी जातं. ऑइल कमी राखेचं, म्हणजे मॅन्युअलप्रमाणे एसीईए सी२ किंवा सी३ दर्जाचं. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. डीपीएफ कापून आतून पोकळ करून देणारे लोक आहेत. तो बेकायदा उद्योग आहे.

कुलंटकडे येऊ. इथे पैसे कमी लागतात आणि नुकसान सगळ्यात मोठं होतं. नव्या इंजिनांवर थर्मोस्टॅटचं घर, टी-जॉइंट, रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या सगळं प्लास्टिक. आठ-दहा वर्षांत उष्णतेने ते ठिसूळ होतं आणि केसासारखी चीर पडते. थेंब-थेंब गळतं, गरम इंजिनावर पडून तिथेच वाळतं, खाली जमिनीवर डाग दिसतच नाही. जॉइंटभोवती पांढरी किंवा गुलाबी पापडी दिसली की समजायचं. खात्रीसाठी थंड इंजिनावर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून कुलंटच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची, बहुतेक गाड्यांत ती १.१ ते १.४ बार असते, आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. खाली आला तर गळती आहे. झाकणही तपासा. त्याची स्प्रिंग सैल झाली की दाब राहत नाही आणि कुलंट लवकर उकळतं.

भरताना ५०:५० चं तयार कुलंट, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि तितकंच डीमिनरलाइज्ड पाणी. सोसायटीच्या बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. तयार कुलंटमध्ये वरून पाणी घालायचं नाही. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल-निळं याला काही प्रमाण नाही. दोन वेगळ्या रसायनांची कुलंट मिसळली तर चिखलासारखा साका होऊ शकतो. भरल्यावर हवा काढा: गाडीचं तोंड चढाला, हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत.

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. ओबीडीचा (गाडीच्या दोषनिदानाच्या सॉकेटचा) छोटा डोंगल लावून मोबाइलवर खरं तापमान बघा. चालत्या गाडीत ८५ ते १०० ठीक. सिग्नलवर १०५ च्या वर चढत जातंय आणि पळायला लागल्यावर उतरतंय, तर पंखा बघा. सिग्नलवर एसीही गार करत नसेल तर खात्रीच. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगाचा रेझिस्टर जळतो आणि पंखा थेट शेवटच्या क्षणी जोरात लागतो. उलट हायवेवर तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंप गेलाय. आणि तापमान ७० च्या वर जातच नसेल, पी०१२८ कोड असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. 'गाडी थंड चालते, उत्तम' असं नाही. इंजिन स्वतःला थंड समजून जास्त पेट्रोल ओढत राहतं.

गाडी तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात, बाजूला घ्या. वाफ दिसत असेल तर लगेच इंजिन बंद. कुलंटचं झाकण पाऊण तास तरी उघडायचं नाही. नंतर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) गेल्याचा संशय आला तर कुलंटच्या टाकीच्या तोंडावर निळं द्रव भरलेली नळी लावून तपासतात. पेट्रोल इंजिनात ते पिवळं झालं तर सिलिंडरचा गॅस कुलंटमध्ये येतोय. हेड काढावं लागलं तर ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासून घ्या, बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिमीच्या आसपासच वाकण्याची मुभा असते, आणि हेड बोल्ट नवेच घाला, कारण ते आवळताना ताणले जाणारे असतात. मात्र पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी दुधाळ साय बघून गॅस्केट उडाली म्हणून धास्तावू नका. कुलंटची पातळी तशीच आहे आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, तर ती छोट्या फेऱ्यांतली साचलेली वाफ आहे. पुसून टाका, एकदा तासभर गाडी पळवा.

मिसिंगचं निदान घरीही होतं. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर. तिथली कॉइल पहिल्याशी अदलाबदल करा, कोड पुसा, चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर. प्लग थंड इंजिनावरच काढायचे, आधी हाताने पूर्ण बसवायचे आणि मग टॉर्क रेंचने. १२ मिमीच्या प्लगना बहुधा १५ ते २० न्यूटन-मीटर लागतात. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की काम वाढतं. प्लगच्या खड्ड्यात ऑइल असेल तर रॉकर कव्हरची सील गेलीये. पाणी असेल तर कुणीतरी प्रेशर वॉशरने इंजिन धुतलंय. सीएनजी गाडीत प्लगची गॅप वाढली की कॉइलवर जास्त ताण येतो, म्हणून प्लग पेट्रोल गाडीपेक्षा लवकर बदला. व्हॉल्व्ह क्लिअरन्सही ४० हजारांच्या आसपास मोजून घ्या, आणि आठवड्यातून दहा-पंधरा किमी पेट्रोलवर चालवा म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत.

तीन सिलिंडरना एकदमच कोड आले तर कॉइल बदलत बसण्याआधी वायरिंगचा गठ्ठा बघा, उंदराने कुरतडला असेल. पोडियम पार्किंगमध्ये हे रोजचं आहे. तंबाखूच्या पुड्या ठेवून उंदीर जात नाहीत, दोन दिवसांत त्यांना सवय होते. वायरवर स्टीलची बारीक जाळी आणि खालून येण्याच्या वाटेलाही जाळी, हे टिकतं. तुटलेली वायर पिळून टेप लावू नका. सेन्सर ५ व्होल्टवर चालतात, थोडा गंज चढला की आकडा चुकतो. सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा.

टायमिंगबद्दल, म्हणजे क्रँकच्या तालावर व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या साखळी किंवा पट्ट्याबद्दल, थोडक्यात. साखळी असेल तर सकाळी दोन-तीन सेकंद खडखड आणि पी००१६ हा कोड हे साखळी लांबल्याचं किंवा टेन्शनर गेल्याचं लक्षण, आणि त्यामागे बऱ्याचदा उशिरा बदललेलं ऑइल असतं. फोर्डच्या १.५ ड्रॅगन पेट्रोलमध्ये पट्टा ऑइलमध्येच फिरतो. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने तो मऊ पडून झिजतो आणि त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत बसतो. अशा गाडीचा जुना ऑइल फिल्टर कापून घडी उलगडून बघा. काळे रबरी तंतू दिसले तर पट्टा आणि जाळी दोन्ही लगेच.

राहिलं पावसाचं पाणी. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी, नवी मुंबईत भरती आणि मुसळधार एकत्र आले की खालच्या सेक्टरांत आणि रेल्वेखालच्या भुयारी मार्गांत पाणी चढतं. अर्ध्या चाकावर पाणी असेल तर उतरू नका. तुमचा अंदाज बरोबर असला तरी शेजारून टीएमटीची किंवा एनएमएमटीची बस गेली की लाट ग्रिलपर्यंत येते आणि हवेची नळी तिथेच असते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, गिअरमध्ये टाकून ढकलायचंही नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी शिरल्यावर स्टार्टर मारून झालेलं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं अॅड-ऑन आधीच घेतलेलं हवं.

टो करून नेल्यावर गॅरेजमध्ये क्रम असा हवा: बॅटरीची निगेटिव्ह काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा, असेल तर सगळे प्लग काढा, क्रँक पुलीला सॉकेट लावून हाताने दोन फेरे फिरवा. अडकलं तर तिथेच थांबा. फिरलं तर इंजेक्टरचा फ्यूज काढून, बॅटरी जोडून स्टार्टर मारा, प्लगच्या भोकांतून पाणी उडून जाऊ द्या. ऑइल दुधाळ असेल तर सोडून नवं ऑइल-फिल्टर टाका, मग दहा मिनिटं आयडलवर चालवून परत बदला, आणि ५०० किमीनंतर पुन्हा एकदा. इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून कागदावर लिहून घ्या. चारपैकी एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल, तर रॉड वाकला असण्याची शक्यता आहे. गाडी सुरू झाली आणि आवाज नाही म्हणून ती तशीच घेऊन निघू नका.